घरोघरीचे पट, एकच यादी

दिवाळी अंकातला टीकालेख कादंबरीवर असावा, कवितासंग्रहावर असावा, फार झाले तर नाटकावर असावा, असा आपला प्रघात आहे. खेळावर टीका लिहिणे, आणि तीही बहुतेक मराठी वाचकांनी हाताने कधी न खेळलेल्या खेळावर, हा थोडा आगाऊपणाच म्हणावा लागेल. तथापि वेगवेगळ्या परिस्थितीत जन्मलेल्या दोन कृतींना एकाच तराजूत घालता येते काय, आणि घातल्यास तो तराजू कोणी धरावयाचा, हा टीकेचा जो जुना प्रश्न आहे तो मला पिनबॉल ह्या अमेरिकन खेळाच्या निमित्ताने जितका उघडावाघडा दिसला, तितका वाङ्मयीन पारितोषिकांच्या निवेदनांतूनही कधी दिसला नव्हता. घरोघरी मांडलेली पिनबॉलची यंत्रे आता इंटरनेटने एकमेकांना जोडली गेली आहेत. हजार मैलांच्या अंतरावरचे दोघेजण आपापल्या तळघरात खेळतात आणि त्यांचे गुण एकाच यादीत वरखाली लागतात. ही यादी न्याय्य आहे काय, एवढाच ह्या लेखाचा विषय. माझे उत्तर 'नाही' असे आहे. पण ते का, हे सांगावयाचे तर खेळाच्या स्वभावातच थोडे शिरावे लागेल.

ज्यांनी पिनबॉल पाहिला नाही त्यांनी बॅगाटेलची फळी आठवावी. खेळण्यांच्या दुकानांतून ती आपल्याकडेही मिळते. वरच्या बाजूला गोलाई दिलेली लाकडी फळी, तिच्यावर खिळ्यांची लहान लहान कुंपणे, कुंपणांत आकडे, आणि उजव्या कडेला स्प्रिंगचा दट्ट्या. दट्ट्या ओढून सोडला की गोटी वर जाते, खिळ्यांवर ठेचकाळत खाली येते, आणि एखाद्या कुंपणात अडकते किंवा सरळ तळाला जाते. मुलाच्या हाती काय ते दट्ट्या ओढण्यापुरतेच. पुढचे सगळे गोटीचे नशीब. पिनबॉलचा हाच आजोबा. हा स्प्रिंगचा दट्ट्या सिनसिनाटी शहरातल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह ह्याने 1871 साली पेटंट करून घेतला. पुढे 1931 साली, महामंदीच्या दिवसांत, शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने 'बॅफल बॉल' नावाचे, दुकानाच्या फळीवर मावेल असे, नाणे टाकून खेळावयाचे यंत्र काढले, आणि त्याचे 50,000 हून अधिक नग खपले. एका सेंटात थोडा वेळ दुःख विसरावयास मिळत असेल तर कोण सोडतो? पण तोवर हा खेळ बॅगाटेलच होता. 1947 साली गॉटलिबच्याच कारखान्यात हॅरी मॅब्स ह्याने 'हम्प्टी डम्प्टी' ह्या यंत्रावर विजेवर चालणारे सहा फ्लिपर बसवले. फ्लिपर म्हणजे पटावरचे दोन-तीन इंचांचे वल्हे. पेटीच्या बाजूचे बटण दाबले की ते उसळते आणि खाली येणाऱ्या गोळीला परत वर फटकावते. गोटीच्या नशिबात माणसाचा हात शिरला तो असा.

आजचे यंत्र म्हणजे काच लावलेली, चार पायांवर उभी, खेळाडूकडे उतरती होत आलेली एक लांबट पेटी. पोलादी गोळी सुमारे 27 मिलिमीटर व्यासाची आणि 80 ग्रॅम वजनाची. तळाशी दोन फ्लिपर. त्यांच्या मधल्या फटीतून गोळी गेली तर गेली, आणि दोन्ही कडांना ज्या अरुंद वाटा ठेवलेल्या असतात त्यांतून गेली तरीही गेली. बहुधा तीन गोळ्यांचा डाव. पटावर चढ, बोगदे, निशाणे, चुंबक, आणि गोळीला लाथ मारणारे रबराचे कोपरे. हे सगळे सांगण्याचे कारण असे की पिनबॉल बोटांनी खेळतात असा पाहणाऱ्याचा समज होतो. वास्तविक कसलेल्या माणसाची मनगटे, खांदे आणि कंबर त्यात अधिक खेळतात. गोळी कडेच्या वाटेकडे निघाली की तो सबंध यंत्राला नेमक्या क्षणी नेमका धक्का देतो आणि तिचा विचार बदलतो. हे चालते, पण किती चालावे ह्यालाही मर्यादा आहे. हॅरी विल्यम्स नावाच्या कल्पक माणसाने 1930 नंतरच्या दशकात 'टिल्ट'ची युक्ती काढली. तिचे आजचे रूप म्हणजे पेटीच्या पोटात टांगलेला, गवंड्याच्या ओळंब्यासारखा एक धातूचा लंबक, आणि त्याच्या भोवती धातूचेच कडे. धक्का जास्त झाला की ओळंबा कड्याला टेकतो, विजेचा प्रवाह पुरा होतो, फ्लिपर मरून पडतात आणि हातची गोळी डोळ्यांदेखत तळाला जाते. ओळंबा वर घ्या किंवा खाली घ्या, यंत्राची सहनशीलता त्याप्रमाणे बदलते. हा ओळंबा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

यंत्रावर संशय घेण्याची परंपरा ह्या खेळात जुनी आहे. न्यूयॉर्क शहराने 1942 साली पिनबॉल हा जुगार ठरवून बंद केला. महापौर ला ग्वार्डिया ह्यांची यंत्रे फोडतानाची छायाचित्रे प्रसिद्धच आहेत. ही बंदी 1976 पर्यंत टिकली. त्या वर्षी रॉजर शार्प नावाचा तरुण लेखक नगरसभेच्या समितीपुढे उभा राहिला, आणि हा खेळ नशिबाचा नसून हाताचा आहे हे त्याने प्रत्यक्ष खेळून दाखवले. दट्ट्या ओढण्यापूर्वी त्याने सांगितले की गोळी वरच्या मधल्या वाटेने जाईल, आणि ती तशीच गेली. ही कथा त्या खेळाच्या भक्तांना पाठ आहे. मला मात्र तिच्यातला एक दुय्यम तपशील अधिक मोलाचा वाटतो. यंत्रे दोन आणलेली होती. एक खेळावयाचे, आणि ते बिघडले तर हाताशी असावे म्हणून दुसरे. समितीतल्या एका सभासदाला पहिल्याविषयी शंका आली, आणि त्याने शार्पला दुसऱ्यावर खेळावयास लावले. त्या सभासदाला पिनबॉलमधले काही कळत नसेल. पण त्याच्या नजरेने बरोबर जागा पकडली होती. माणूस कुशल आहे की नाही हे ठरवण्यापूर्वी तो कशावर खेळतो आहे हे विचारले पाहिजे, एवढे त्याला कळले. (कौशल्य कोठे संपते आणि नशीब कोठे सुरू होते ह्याचा काथ्याकूट आपल्याकडेही झालेला आहे, बक्षिसांच्या कोड्यांविषयीचा मुंबई राज्य आणि चमारबागवाला ह्यांच्यातला 1957 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून वाचावा लागतो. पण तेथे प्रश्न माणसाचा होता, यंत्राचा नव्हता.)

आता घरांकडे येऊ. हॉटेले, बार आणि करमणुकीच्या गाळ्यांतली ही यंत्रे गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर लोकांच्या घरी गेली. स्वतःच्या घरी दोन-चार यंत्रे बाळगणारे हौशी लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत. 2020 साली महामारीने एकत्र जमणे थांबले तेव्हा ह्या लोकांनी आपापल्या घरून स्पर्धा खेळण्याचे नाना प्रकार केले. कोणी गुणफलकाची छायाचित्रे पाठवी, कोणी कॅमेरा लावून खेळे. 2021 साली शिकागोजवळच्या स्टर्न कंपनीने आपली यंत्रेच इंटरनेटला जोडण्याची सोय आणली. फोनवरचा आपला कोड यंत्राला दाखवावयाचा. तुमचा डाव तुमच्या नावावर जमा होतो आणि यादीत जातो. सोय उत्तम आहे, तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. एकट्याने तळघरात खेळणाऱ्याला आपण कोणाबरोबर तरी खेळतो आहोत असे वाटणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु यादी होताच 'वर' आणि 'खाली' आले, आणि त्याबरोबर तुलना आली.

दोन घरांतली एकाच नावाची, एकाच वर्षी बनलेली यंत्रे खरोखर किती वेगळी असू शकतात? उताराचेच पाहा. पट सुमारे साडेसहा अंशांनी कललेला असावा अशी सर्वसाधारण शिफारस असते. पायांच्या तळाशी पेचाचे तळवे असतात, ते फिरवून हा उतार कमीजास्त करावयाचा आणि पाणसळ ठेवून पाहावयाचे. एकाच्या घरी फरशी आहे, दुसऱ्याच्या घरी गालिचा आहे. गालिच्यात पाय रुततात, आणि चारही पाय सारखे रुततील असे नाही. उतार अर्ध्या अंशाने वाढला तरी गोळीची चाल बदलते, फ्लिपरवर येताना ती घाईने येते, आणि वर पाठवलेली गोळी चढ चढताना दमून परत फिरते. उतार कमी असला तर गोळी रेंगाळते. खेळाडूला विचार करावयास फुरसत मिळते. मी हे सामने पडद्यावर पुष्कळ पाहिले आहेत. कॅमेरा पटाच्या बरोबर वर टांगलेला असतो, गोळी स्वच्छ दिसते, बटणांचा आवाजही ऐकू येतो; फक्त उतार दिसत नाही. वरून घेतलेल्या चित्रात सगळे पट सपाटच.

उतारानंतर कडेच्या वाटा. ह्या वाटांच्या तोंडाशी रबर चढवलेला एक खांब असतो, आणि पुष्कळ यंत्रांत तो हलवता यावा म्हणून दोन-तीन भोके मुद्दाम पाडून ठेवलेली असतात. खांब एका भोकातून काढून दुसऱ्यात बसवला की वाट बोटाच्या पेराएवढी रुंद किंवा अरुंद होते. त्या पेरात किती डाव बुडतात आणि किती तरतात हे खेळणाऱ्यालाच विचारावे. मग रबरे: नवी असली तर गोळी उसळते, जुनी झाली तर कडक होऊन मरगळते. पटाला मेण लावले असेल तर गोळी सुळकन जाते, धूळ असेल तर तिला वळण लागते. फ्लिपरखालचे विजेचे वेटोळे फार वेळ खेळल्यावर तापते आणि फ्लिपरचा जोर उतरतो. त्यांचे सांधे झिजले की नेम वाकडा होतो. आणि शेवटी तो ओळंबा: एकाने तो इतका खाली घेतला आहे की यंत्राला मिठी मारून हलवले तरी चालते, दुसऱ्याने इतका वर चढवला आहे की धक्का द्यावयाचा म्हणजे जीव मुठीत धरून. ही नव्या यंत्रांची कथा. जुन्यांचे तर विचारूच नये. 1992 सालच्या 'अ‍ॅडम्स फॅमिली' ह्या यंत्राचे 20,270 नग निघाले. त्यांतले जे आज चालते आहे त्याला तीस वर्षांची म्हातारपणाची सवय आहे, आणि म्हातारपण प्रत्येकाचे निराळे असते.

ह्यांतले काय यंत्र आपल्या तोंडाने सांगू शकेल? डाव किती गोळ्यांचा, सुरुवातीला चुकलेली गोळी किती सेकंदांपर्यंत परत मिळते, जादा गोळ्या मिळतात की नाही, अशा गोष्टी यंत्राच्या स्मरणात असतात. त्या पाहता येतात, सर्वांना सारख्या करा म्हणता येते. पण खांब कोणत्या भोकात आहे, रबर किती जुने आहे, ओळंबा कोठे आहे, हे यंत्राला ठाऊक नसते. छायाचित्राने एवढेच सिद्ध होते की तो आकडा खरोखर आला. आकडा खोटा असल्याची शंका मी घेतच नाही. ह्या लोकांइतके प्रामाणिक हौशी लोक थोडेच सापडतील. प्रश्न खऱ्या आकड्यांचा आहे.

कोणी म्हणेल, असे फरक कोणत्या खेळात नसतात? आपल्या कॅरमचेच घ्या. पावसाळ्यात फळी जड चालते, पावडर कमीजास्त पडते, स्ट्रायकर तर प्रत्येकाचा स्वतःचा. परंतु कॅरममध्ये समोरचाही त्याच फळीवर बसलेला असतो. फळी जड असेल तर ती दोघांना जड. उलट दिशेचे उदाहरण वल्हवण्याच्या व्यायामयंत्राचे आहे. कॉन्सेप्ट-टू नावाच्या यंत्रावर माणसे आपापल्या घरी वल्हे ओढतात आणि जगभर एकमेकांशी शर्यत लावतात. तेथे तक्रार फारशी उद्भवत नाही. कारण दोन ओढींच्या मध्ये त्यातले चाक किती वेगाने मंदावते ते यंत्र स्वतःच मोजते, त्यावरून आपला अवरोध काढते, आणि मग तुमचे काम हिशेबात धरते. हवेची खिडकी कितीही उघडी ठेवा, यंत्राला स्वतःचे वजन ठाऊक आहे. पिनबॉलला ही सोय का लागू पडत नाही? कारण वल्हवण्याचे यंत्र फक्त अडवते, पिनबॉलचे यंत्र उत्तर देते. तुम्ही गोळी पाठवता, ते ती परत पाठवते, कोठून आणि कशी हे त्याच्या रबरावर, उतारावर, सांध्यांवर ठरते. त्या उत्तराला तुम्ही पुन्हा उत्तर देता. तो मापाचा दंडक नव्हे, प्रतिपक्ष आहे. दोन मल्लांनी दोन वेगळ्या मल्लांशी दोन वेगळ्या गावांत कुस्ती केली, आणि कोणी किती मिनिटांत चीतपट केले ते लिहून दोघांत श्रेष्ठ कोण हे ठरवले, तर फडावरची माणसे हसतील.

गोल्फवाल्यांनी ह्यावर एक तोड काढली आहे, आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. प्रत्येक मैदान निराळे, म्हणून जाणकार जाऊन मैदानाची कठीणता ठरवतात. तिचा एक आकडा 55 पासून 155 पर्यंत असतो आणि 113 हा मध्यम धरतात. खेळाडूच्या गुणांतून हा भाग वजा करून मग तुलना. 2020 पासून ही पद्धत जागतिक झाली आहे. मग प्रत्येक घरच्या पिनबॉलला असा आकडा का देऊ नये? ह्यात अडचण अशी आहे की मैदानावर शेकडो माणसे खेळतात, जाणकार चालून येतात. घरातले यंत्र बहुधा एकटा मालकच खेळतो. त्याला दहा कोटी गुण मिळाले. यंत्र सोपे म्हणून, की मालक हुशार म्हणून? आठवीचा मुलगाही सांगेल की अज्ञात राशी दोन आणि समीकरण एक असेल तर उत्तर निघत नाही. गोळी सरासरी किती वेळ जिवंत राहते ते यंत्राकडून विचारून घ्या, असेही सुचवता येईल. पण गोळी जगवणे हेच तर खेळाडूचे कौशल्य, म्हणजे पुन्हा तेच समीकरण वेगळ्या अक्षरांत मांडले. दुसरे समीकरण हवे असेल तर दुसऱ्या माणसाने त्या यंत्राशी येऊन उभे राहिले पाहिजे.

येथवर प्रश्न केवळ हिशेबाचा होता. मला खरी चिंता वाटते ती पुढच्या गोष्टीची. जो खेळाडू आपला हात सुधारावा म्हणून यंत्र कठीण करून ठेवतो, खांब काढतो, उतार वाढवतो, ओळंबा आवळतो, तो ह्या यादीत खाली जातो. आणि ज्याने आपल्यावर माया केली आहे तो वर जातो. कोणी लबाडी करण्याची गरजच नाही. कठीण यंत्राच्या मालकाला काही महिने खाली राहिल्यावर एके संध्याकाळी वाटेल की खांब पुन्हा लावून पाहण्यात काय बिघडले? ते तर कारखान्यातून तसेच आले होते. बिघडले काहीच नाही, पण ज्या यंत्राने त्याला दर आठवड्याला काही शिकवले असते ते आता त्याची वाहवा करू लागेल. शाळेत हे आम्ही पाहतो. ज्याचे गुण त्याच्याच घरी द्यावयाचे असे ठरले की घराघरांतली माया वाढते. दहावीच्या भाषा विषयांतले शाळांनी द्यावयाचे वीस गुण काढले तेव्हा, 2019 साली, निकाल बराच खाली आला, आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. त्यात कोणी खोटे बोलत होते असे मी म्हणत नाही. एकाच यादीत लागणाऱ्या मुलांना निरनिराळ्या हातांनी गुण दिले जातात तेव्हा हात हलका ठेवण्याकडेच सर्वांचा कल होतो, एवढेच.

आणि गंमत अशी की ह्या खेळातल्या पट्टीच्या लोकांना आकड्याची किंमत केव्हाच कळलेली आहे. जुन्या यंत्रांचे गुणफलक चार-पाच आकड्यांचे असत. 1995 सालच्या 'अटॅक फ्रॉम मार्स'वर गुण अब्जांत मोजतात. साहजिकच एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्यावर नेण्यात अर्थ नाही हे त्यांना शिकवावे लागत नाही. त्यांच्या मोठ्या स्पर्धांत चौघे जण एकाच यंत्रावर आळीपाळीने गोळी खेळतात, आणि मग एका प्रसिद्ध पद्धतीप्रमाणे पहिल्याला 4, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 आणि चौथ्याला शून्य. पहिल्याने दुसऱ्याला एका गुणाने मागे टाकले की शंभर कोटींनी, ह्याची नोंद कोणी धरत नाही. आकडा तेवढ्या डावापुरता, तेवढ्या यंत्रापुरता. तो डाव संपला की टाकून द्यावयाचा. म्हणजे एका खोलीत जमल्यावर जो आकडा हे लोक फेकून देतात, तोच घरोघरी विखुरल्यावर ते जपून ठेवतात आणि त्याच्यावर क्रम लावतात! ह्या विसंगतीकडे त्यांचे लक्ष जात नाही ह्याचे मला नवल वाटते.

एका खोलीतला न्यायही पूर्ण नसतो, हे कबूल केले पाहिजे. सकाळचे यंत्र दुपारी तेच राहत नाही. वेटोळी तापतात, मेण झिजते. चौघांत शेवटी खेळणाऱ्याला किती गुण ओलांडावयाचे ते समोर दिसत असते, पहिल्याला अंधारात खेळावे लागते. मधेच गोळी अडकली, यंत्र रुसले, तर काय करावयाचे ह्याचे लांबलचक नियम आहेत आणि त्यांवर भांडणेही होतात. पण तेथे अन्याय झाला तर तो सर्वांच्या देखत आणि त्याच लाकडावर होतो. यंत्र फार कठोर असेल तर चौघेही एकमेकांकडे पाहून खांदे उडवतात. ही सामाईक हळहळ हा त्या न्यायाचा मोठा भाग आहे, आणि तीच इंटरनेटवरून पाठवता येत नाही.

मग सर्व यंत्रे एकसारखी करावी काय? कारखान्याने खांब पक्के ठोकावे, पायांचे पेच काढून टाकावे? ह्या उपायाला माझा सर्वांत अधिक विरोध आहे. पिनबॉलचे यंत्र रचणारा माणूस एक संहिता लिहितो. कीथ एल्विनसारखा रचनाकार, जो स्वतः जगज्जेता खेळाडू आहे, 2021 सालच्या 'गॉडझिला'वर कोणता चढ कोठे जाईल, कोणती गोळी कोणत्या फ्लिपरवर उतरेल, ह्याची आखणी नाटककारासारखी करतो. पण संहिता म्हणजे नाटक नव्हे. ज्याच्या घरी ते यंत्र उभे राहते तो मालक त्याचा प्रयोग बसवतो. त्याने उतार किती दिला, रबर कोणते चढवले, ओळंबा किती सैल सोडला, ह्यातून त्या प्रयोगाला त्याचा स्वतःचा स्वभाव येतो. एकाच्या घरचा 'गॉडझिला' तामसी, दुसऱ्याचा रंगेल, दोन्ही खरे. ही विविधता दोष म्हणून पुसून टाकावयाची तर मग लाकूड आणि पोलाद हवेच कशाला? पडद्यावर चित्रातली गोळी खेळावी. ती सर्वांच्या घरी सारखीच उडते, आणि त्या खेळाला कोणी पिनबॉल म्हणून जीव लावत नाही.

नाटकाचा विषय निघाला म्हणून आपल्या राज्य नाट्यस्पर्धेची व्यवस्था आठवते. प्राथमिक फेरी गावोगावच्या केंद्रांवर होते. कोठे रंगमंच प्रशस्त, कोठे पंख्याचा आवाज संवादावर मात करणारा, परीक्षकही निरनिराळे. त्या फेरीतून निवडलेली नाटके मग अंतिम फेरीत एका रंगमंचावर, एकाच परीक्षकमंडळापुढे उभी राहतात. केंद्राचा निकाल केंद्रापुरता, ही समजूत त्यात गृहीत आहे. स्पर्धेवर दरवर्षी जी टीका होते ती होऊ द्या. ही मांडणी मात्र शहाणपणाची आहे. सायकलवाल्यांनाही अखेर तेथेच यावे लागले. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली घरबसल्या खेळावयाची पहिली जागतिक शर्यत घेतली तेव्हा स्पर्धकांना एकाच प्रकारची यंत्रे पाठवली होती. यंत्रे मोजमापाची, पिनबॉलच्या मानाने अगदीच आज्ञाधारक. तरीसुद्धा 2024 सालची अंतिम शर्यत त्यांनी सर्वांना अबू धाबीला एकत्र बोलावून घेतली.

घरोघरची यादी बंद करावी असे मी म्हणत नाही. ती यंत्राच्या नावाने असण्याऐवजी प्रत्येक नगाच्या नावाने असावी: अमक्याच्या तळघरातला 'गॉडझिला', उतार इतका, खांब ह्या भोकात, ओळंबा असा, आणि त्याखाली त्या नगावर जे जे खेळले त्यांची नावे. अशा यादीत मालकाचे एकट्याचे नाव असेल तर ती यादी नव्हे, रोजनिशी आहे, आणि रोजनिशी म्हणून ती सुंदरच आहे. आपण कालच्यापेक्षा आज बरे खेळलो की नाही हे तिच्यावरून नक्की कळेल, कारण काल आणि आज प्रतिपक्ष बहुतांशी तोच होता. तिच्यात पाचसहा पाहुण्यांची नावे आली की ती स्पर्धा होईल. अमेरिकेत कित्येक गावांत अशा लीग चालतात: ह्या आठवड्याला एकाच्या घरी, पुढच्या आठवड्याला दुसऱ्याच्या. प्रत्येकाला एकदा यजमानाचा फायदा मिळतो आणि बाकीच्या वेळी पाहुण्याची पंचाईत सोसावी लागते. आणि हेच पाहुणे ह्या घरून त्या घरी गेले की दोन यंत्रांची तुलना करण्यासाठी जे दुसरे समीकरण हवे होते तेही आपोआप हाती येते.

पाहुणा आला की तो आधी यंत्राच्या पायांकडे पाहतो, मग कडेच्या खांबांकडे. यजमान पुढचे लहान दार उघडून ओळंबा दाखवतो. मग पाहुणा पेटीच्या दोन्ही बाजूंना तळहात ठेवतो, पहिली गोळी सोडतो, आणि ती अजून वरच आहे तोवर यंत्राला एक हलका, चाचपडणारा धक्का देऊन पाहतो.